पहिल्या रात्रीचे बावन्न प्रश्न

अमेरिकेत मुलांच्या कोठड्यांमध्ये गेली पंचवीस वर्षं एक प्रश्नावली वापरात आहे. नाव लांबलचक आहे: मॅसॅच्युसेट्स यूथ स्क्रीनिंग इन्स्ट्रुमेंट, दुसरी आवृत्ती. आद्याक्षरं जोडून तिथले लोक तिला ‘मेझी’ म्हणतात. पोलिसांनी धरून आणलेला मुलगा कोठडीत आला, झडती झाली, अंगावरचे कपडे आणि खिशातलं सगळं जमा झालं, की एक-दोन दिवसांच्या आत ही प्रश्नावली त्याच्यापुढे ठेवायची असते. वय १२ ते १७. प्रश्न ५२. प्रत्येकाचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांचं काम. त्याला डॉक्टर लागत नाही, मानसशास्त्राची पदवीही लागत नाही; थोडं प्रशिक्षण घेतलेला रात्रपाळीचा कर्मचारीसुद्धा ते करू शकतो.

या साध्या दिसणाऱ्या प्रश्नावलीची मराठी वाचकाला ओळख करून द्यावी असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. आपल्याकडे अल्पवयीन मुलाच्या हातून गंभीर गुन्हा घडला की चर्चा पेटते, आणि ती जवळजवळ नेहमी एकाच मुद्द्याभोवती फिरते: याला मोठ्यांसारखी शिक्षा द्यायची की नाही. त्या मुलाच्या मनाची आज काय अवस्था आहे, तो झोपला आहे का, आज रात्री जिवाचं काही बरंवाईट करून घेईल का, हे विचारायचं राहून जातं. मेझी फक्त एवढंच विचारते. त्याने काय केलं याच्याशी तिला कर्तव्य नाही.

ती कशी चालते ते जरा जवळून पाहू. टेबलावर संगणक, मुलाच्या कानांना हेडफोन. प्रश्न पडद्यावर येतो आणि त्याच वेळी कानात कुणीतरी तो वाचून दाखवतं, इंग्रजीत किंवा स्पॅनिशमध्ये. भाषा पाचवीतल्या मुलाला कळेल इतकी सोपी. तरीही आवाजाची सोय ठेवली आहे, कारण कोठडीत येणाऱ्या कितीतरी मुलांची शाळा केव्हाच सुटलेली असते आणि ‘मला वाचता येत नाही’ हे अनोळखी माणसाला सांगायची लाज वाटते. संगणक नसेल तिथे कागद-पेन्सिल चालते. बहुतेक प्रश्न गेल्या काही महिन्यांबद्दलचे. झोप नीट लागते का. डोकं पटकन तापतं का. दारू पिऊन किंवा नशा करून शाळेत गेला होतास का. एकटं पडल्यासारखं वाटतं का. अंग थरथरतं का, पोटात ढवळतं का. जगू नये असं वाटलं का. सगळ्यात अवघड प्रश्न एकत्र, एका दमात येत नाहीत. ते झोपेच्या, रागाच्या, डोकेदुखीच्या प्रश्नांमध्ये विखुरलेले असतात. समोर माणूस नसून पडदा असला की काही मुलं ‘हो’ जरा सहज दाबतात.

उत्तरांची बेरीज सात गटांत होते: दारू आणि नशा, राग आणि चिडचिड, नैराश्य आणि चिंता, शारीरिक तक्रारी, आत्महत्येचे विचार, विचारांमधला बिघाड, आणि आयुष्यात सोसलेले आघात. यातला विचारांच्या बिघाडाचा गट फक्त मुलग्यांसाठी मोजतात. मुलींच्या उत्तरांत ते प्रश्न एकमेकांशी नीट जुळले नाहीत, म्हणून करणाऱ्यांनी तो गट मुलींसाठी सरळ गाळून टाकला. मला या प्रश्नावलीबद्दल विश्वास वाटायला लागला तो अशा जागांमुळे. जे मोजता येत नाही ते मोजल्याचा आव तिने आणलेला नाही.

आघाताचा गट सोडला तर प्रत्येक गटाला दोन रेषा आहेत. पहिली सावधगिरीची, दुसरी इशाऱ्याची. आत्महत्येच्या विचारांचे पाच प्रश्न आहेत. त्यातल्या दोनांना ‘हो’ आलं की सावधगिरी, तिनांना आलं की इशारा. रागाचे नऊ प्रश्न. तिथे पाचला सावधगिरी आणि आठला इशारा. नशेच्या आठ प्रश्नांत चार आणि सात. विचारांच्या बिघाडाच्या पाच प्रश्नांत मात्र एकच ‘हो’ पुरतं. हे आकडे वरवर पाहिले तर मनमानी वाटतील, पण ते तसे नाहीत. नुकत्याच पकडलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला राग येणारच. तीन-चार ‘हो’ आले म्हणून घाबरायचं कारण नाही. इतरांना न ऐकू येणारे आवाज त्याला ऐकू येत असतील, तर एका होकारातच थांबून पाहायला हवं. सावधगिरीची रेषा ठरवताना मुलांची ही उत्तरं त्यांच्याच लांबलचक, तज्ज्ञांनी तपासलेल्या चाचण्यांशी ताडून पाहिली. इशाऱ्याची रेषा मॅसॅच्युसेट्समधल्या मुलांपैकी वरच्या साधारण दहा टक्क्यांपाशी ओढली.

ही चाळणी आहे, निदान नव्हे. हा फरक तिच्या मार्गदर्शिकेत पुन्हा पुन्हा बजावलेला आहे आणि प्रत्यक्षात तोच सगळ्यात जास्त विसरला जातो. गव्हाची चाळणी खडा वर ठेवते. तो खडा आहे की मोठा दाणा हे हातानेच पाहावं लागतं. इशाऱ्याच्या रेषेवर गेलेला मुलगा आजारी आहे असं मेझी म्हणत नाही. याच्याकडे आधी जा, एवढंच ती सांगते.

ती तयार केली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वूस्टर इथल्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या थॉमस ग्रिसो या मानसशास्त्रज्ञाने आणि रिचर्ड बार्नम या बालमनोविकारतज्ज्ञाने. १९९०च्या दशकात राज्याच्या ताब्यातल्या हजाराहून जास्त मुलांवर ती पारखली, मग कॅलिफोर्नियातल्या हजारो मुलांवर. २००० साली ती वापरासाठी खुली झाली आणि २००१ मध्ये तिच्यावरचा शोधनिबंध अमेरिकेच्या बालमनोविकार अकादमीच्या नियतकालिकात आला. पुढे मॅकआर्थर प्रतिष्ठानाच्या मदतीने ती राज्याराज्यांत पोहोचली. नेदरलँड्स, बेल्जियम, स्वित्झर्लंड, स्पेन इथल्या संशोधकांनीही तिची भाषांतरं करून पाहिली.

पण कोठडीतल्या मुलाच्या मनात डोकावण्याचा खटाटोप याच्या कितीतरी आधीचा आहे, आणि त्याची सुरुवात शिकागोत झाली. जगातलं पहिलं बालन्यायालय शिकागोच्या कुक परगण्यात १८९९ साली सुरू झालं. वकील कमी, दंड कमी, न्यायाधीशाने वडीलधाऱ्यासारखं वागावं, अशी कल्पना. दहा वर्षांत न्यायालय चालवणाऱ्यांच्या लक्षात आलं की तीच मुलं पुन्हा पुन्हा येतात आणि का येतात हे कुणालाच सांगता येत नाही. तेव्हा ज्युलिया लॅथ्रॉप यांच्या पुढाकाराने आणि एथेल डमर या बाईंच्या पैशाने १९०९ मध्ये त्या न्यायालयाला जोडून एक मानसिक तपासणी केंद्र उघडलं. विल्यम हीली हा डॉक्टर तिथे एकेका मुलाशी, त्याच्या आईशी, शिक्षकाशी बोलत बसे. मुलाची गोष्ट मुलाच्याच तोंडून ऐकायची, हा त्याचा हट्ट होता. १९१७ मध्ये हीली बॉस्टनला गेला आणि मॅसॅच्युसेट्समध्ये ही परंपरा रुजली. मेझीचे कर्ते त्याच राज्यातले.

हीलीची पद्धत उत्तम होती, फक्त ती सगळ्यांना पुरणारी नव्हती. एका मुलामागे तासन्‌तास देणारा डॉक्टर मोठ्या शहराच्या कोठडीत रोज रात्री येणाऱ्या मुलांना कसा पुरणार? आणि १९९०च्या दशकात ही संख्या फुगली. हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अल्पवयीनांच्या अटका १९९४ च्या सुमारास शिखरावर होत्या. १९९५ मध्ये एका राज्यशास्त्रज्ञाने ‘महाभक्षक’ अशा अर्थाचा शब्द या मुलांसाठी वापरला, वर्तमानपत्रांनी तो उचलला, आणि काही वर्षांत बहुतेक सगळ्या राज्यांनी मुलांना मोठ्यांच्या न्यायालयात पाठवणं सोपं करणारे कायदे केले. भाकीत साफ खोटं ठरलं, अटका उतरत गेल्या. कायदे मात्र राहिले. तेवढ्याच काळात गावोगावच्या मानसोपचार सेवा आटत होत्या. ज्या मुलाला दवाखान्यात जागा मिळत नव्हती त्याला कोठडीत मिळत होती, कारण कोठडीला ‘जागा नाही’ म्हणता येत नाही.

कोठडीत किती मुलं खरोखर आजारी आहेत हे तोवर कुणी धडपणे मोजलेलं नव्हतं. ते काम नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या लिंडा टेप्लिन यांनी केलं, आणि तेही त्याच कुक परगण्यात. १९९५ ते १९९८ या काळात तिथल्या कोठडीत आलेल्या मुलांमधून निवडलेल्या १० ते १८ वयाच्या १,८२९ मुलामुलींच्या सविस्तर मुलाखती त्यांच्या चमूने घेतल्या. २००२ च्या डिसेंबरमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: जवळजवळ दोन तृतीयांश मुलगे आणि जवळजवळ तीन चतुर्थांश मुली एखाद्या तरी मानसिक विकाराच्या निकषांत बसत होत्या. यात बेशिस्त वर्तनाचा विकारही धरलेला आहे, आणि कुणी म्हणेल की गुन्ह्यात सापडलेल्या मुलाला तो असणारच. तो वगळला तरी मुलग्यांचं प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास आणि मुलींचं दोन तृतीयांशाहून जास्त उरतं. पुढच्या निबंधात आघातांची मोजदाद आली. दहांतल्या नऊहून अधिक मुलांनी कधीतरी एखादा मोठा आघात सोसलेला होता: कुणाला मरताना पाहिलं होतं, कुणावर बंदूक रोखली गेली होती.

टेप्लिन यांनी ही मुलं नंतरही सोडली नाहीत. त्यांचा मागोवा ठेवला. २००५ मध्ये आलेला त्यांचा निबंध वाचताना हात थांबतो: तोपर्यंत त्यांतली ६५ मुलं मेली होती. सर्वसाधारण लोकसंख्येतल्या त्याच वयाच्या मुलांच्या मानाने मृत्यूचं प्रमाण चौपटीहून अधिक, मुलींमध्ये जवळजवळ आठपट. बहुतेकांचे खून झाले होते.

२००४ मध्ये अमेरिकी काँग्रेसचे सदस्य हेन्री वॅक्समन यांच्या पुढाकाराने देशभरच्या कोठड्यांची पाहणी झाली. दोन तृतीयांश कोठड्यांनी कबूल केलं की केवळ बाहेर मानसोपचाराची जागा मिळत नाही म्हणून आम्ही मुलं अडकवून ठेवतो. २००३ च्या सहा महिन्यांत अशी जवळजवळ पंधरा हजार मुलं होती. त्यांत सात वर्षांची मुलंही होती. सात वर्षांच्या मुलाचा गुन्हा काय असेल, याची कल्पना करून पाहा.

या पार्श्वभूमीवर मेझीचं महत्त्व कळतं. पेन्सिल्व्हेनियातल्या कोठड्यांनी ती २००० पासून राज्यभर एकत्रितपणे वापरायला घेतली. पहिल्या दोन वर्षांतल्या अठरा हजारांहून अधिक नोंदी संशोधक एलिझाबेथ कॉफमन यांनी तपासल्या, तेव्हा दिसलं की सत्तर टक्के मुलगे आणि ऐंशी टक्क्यांहून अधिक मुली किमान एका गटात सावधगिरीच्या रेषेच्या वर होत्या. पुढे देशभरातल्या २८३ ठिकाणांवरच्या सत्तर हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी एकत्र केल्या गेल्या आणि मुलींबद्दलची तीच गोष्ट पुन्हा ठळक झाली: दारू-नशा सोडली तर लागू असलेल्या प्रत्येक गटात रेषेवर जाण्याची मुलींची शक्यता मुलग्यांच्या दुपटीच्या आसपास. एकोणीस देशांतल्या ४७ अभ्यासांचा २०२१ मध्ये आलेला आढावाही हेच सांगतो. त्यात कोठडीतल्या मुलग्यांत तीव्र नैराश्य दहा टक्के, मुलींत जवळजवळ सव्वीस टक्के. कोठडीत मुली थोड्या असतात. म्हणून त्यांच्यासाठी वेगळा समुपदेशक, वेगळी व्यवस्था नसते. खरं तर ज्यांना सगळ्यात जास्त दुखतं आहे त्या याच.

रेषा ओलांडली की पुढे काय? यंत्रणा जशी चालायला हवी तशी चालली, तर कर्मचारी त्याच मुलाला पुन्हा भेटतो, ‘हो’ दिलेल्या प्रश्नांबद्दल चार ओळी जास्त विचारतो. कधी वाटलं असं? अजून वाटतं का? कुणाला सांगितलं होतंस? आत्महत्येच्या गटात रेषा ओलांडली असेल तर मुलाला नजरेखाली ठेवायचं आणि मानसोपचारतज्ज्ञाला बोलवायचं. इथे एक फार मोठी चूक होत आली आहे. घाबरलेला, गप्प झालेला, त्रास देणारा मुलगा दिसला की जुन्या वळणाचे कर्मचारी त्याला एकट्याला खोलीत बंद करतात. संशोधक लिंडसे हेज यांनी १९९५ ते १९९९ या पाच वर्षांत बंदिवासात झालेल्या ११० बालआत्महत्यांचा शोध लावला आणि त्यातल्या ७९ सविस्तर तपासल्या. त्यांतली निम्मी मुलं मृत्यूच्या वेळी शिक्षा म्हणून किंवा ‘शांत व्हावा’ म्हणून खोलीत एकटी बंद होती. ज्या मुलाला माणसाची सोबत हवी, त्याची सोबतच काढून घेतली होती. प्रश्नावली कितीही चांगली असली तरी तिच्या उत्तरावर कुलूपच लावलं जाणार असेल तर ती न विचारलेली बरी.

दुसरा धोका कायद्याचा. १९६४ मध्ये ॲरिझोनात जेराल्ड गॉल्ट या पंधरा वर्षांच्या मुलाला शेजारणीला अश्लील फोन केल्याच्या आरोपावरून एकवीस वर्षांचा होईपर्यंत सुधारगृहात डांबायचा हुकूम झाला. मोठ्या माणसाला याच गुन्ह्यासाठी फार तर पन्नास डॉलर दंड किंवा दोन महिने कैद झाली असती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६७ च्या निकालाने मुलांनाही वकील मिळाला, स्वतःविरुद्ध न बोलण्याचा हक्क मिळाला. आता विचार करा. ज्या मुलाला गप्प राहायचा हक्क आहे त्यालाच पहिल्या रात्री आपण विचारतो, नशा करतोस का, राग आला की काय करतोस. त्याने खरं सांगितलं आणि तो कागद सरकारी वकिलाच्या हाती पडला, तर? हा प्रश्न टाळून चालत नाही. टेक्सासने प्रोबेशन विभागांना अशी चाळणी सक्तीची केली तेव्हा त्याच कायद्यात लिहून ठेवलं की या वेळी मुलाने दिलेली उत्तरं त्याच्याविरुद्ध सुनावणीत पुरावा म्हणून वापरता येणार नाहीत. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतली सगळ्यात मोलाची ओळ हीच. ती नसेल तर वकिलाने आपल्या अशिलाला ‘काही बोलू नकोस’ असंच सांगावं, आणि ते बरोबरच ठरेल.

मेझीच्या मर्यादाही आहेत. मुलं खोटं बोलतात. काही जण भीतीपोटी सगळ्यालाच ‘नाही’ म्हणतात, काही जण घरी सोडतील या आशेने सगळ्यालाच ‘हो’. पकडल्याच्या रात्रीची घबराट आणि महिनोन्‌महिन्यांचं नैराश्य यांत दहा मिनिटांत पूर्ण फरक करता येत नाही. गतिमंदत्व ती ओळखत नाही. पुढे गुन्हा करेल का, हे ती सांगत नाही आणि तिला ते विचारूही नये. ग्रिसो यांनी स्वतः २००४ च्या पुस्तकात आणखी एक इशारा दिला. कोठडीत चांगले उपचार मिळतात असं कळलं, तर हताश आईबाप आणि शाळा मुलाला उपचार मिळावेत म्हणूनच पोलिसांच्या हवाली करू लागतील. वॅक्समन यांच्या अहवालातली पंधरा हजार मुलं पाहिली की ही भीती कल्पनेतली वाटत नाही. उपचार गावात, वस्तीत, शाळेच्या जवळ मिळायला हवेत. कोठडीतली तपासणी ही त्या व्यवस्थेतून निसटलेल्यांसाठी आहे.

आता आपल्याकडे या. मुंबईत डोंगरीचं निरीक्षणगृह, म्हणजे आरोप असलेल्या मुलांना ठेवतात ते ठिकाण, जुन्या तुरुंगाच्या जागी आहे. याच डोंगरीच्या तुरुंगात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर १०१ दिवस होते, आणि आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. मुंबई प्रांताचा बालकांचा कायदा १९२४ चा, आणि चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ पासूनची. म्हणजे या कामात आपण नवखे नाही. मुंबईच्याच पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगात डांबलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं, त्यावर १९८६ मध्ये महत्त्वाचे आदेश निघाले. त्यांच्याच दुसऱ्या याचिकेवर १९९३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की गुन्हा नसताना मानसिक आजारी माणसाला तुरुंगात ठेवणं बेकायदा आणि घटनाबाह्य आहे. मुलं आणि मानसिक आजार, दोन्ही लढे एकाच बाईने लढवले. पण निरीक्षणगृहातला मानसिक आजारी मुलगा या दोन निकालांच्या मधल्या फटीत राहिला.

बाल न्यायाचा आजचा कायदा २०१५ चा. त्याच्या पंधराव्या कलमानुसार १६ ते १८ वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळाने प्राथमिक मूल्यमापन करायचं: गुन्हा करण्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता होती का, परिणाम समजत होते का, परिस्थिती काय होती. गुरुग्रामच्या शाळेतल्या खुनाच्या प्रकरणात जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की मंडळात बालमानसशास्त्राचा तज्ज्ञ नसेल तर तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे. चांगलं झालं. पण नीट पाहा, कायदा मुलाच्या मनाकडे सगळ्यात बारकाईने वळतो तो त्याला मोठ्यांच्या न्यायालयात पाठवायचं का हे ठरवण्यासाठी. चोरी, मारामारी, सोल्यूशनची नशा करून केलेला दंगा अशा आरोपांखाली आलेल्या मुलांना हे कलम लागूच होत नाही, आणि निरीक्षणगृहांत मोठा भरणा त्यांचाच असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत अल्पवयीनांवर दाखल झालेले तीस हजारांवर गुन्हे आहेत, आणि महाराष्ट्र वरच्या राज्यांत आहे.

कागदावर तरतुदी आहेत. २०१६ च्या आदर्श नियमांत दाखल होताना वैद्यकीय तपासणी आहे, प्रत्येक मुलाच्या मानसिक आरोग्याची नोंद ठेवायची आहे, काळजीचा वैयक्तिक आराखडा करायचा आहे. कायद्याचं ९३वं कलम मानसिक आजारी किंवा व्यसनात अडकलेल्या मुलाला उपचारासाठी हलवण्याची मुभा देतं. बंगळुरूच्या निम्हान्समधल्या बालमनोविकार विभागाने विधिसंघर्षग्रस्त मुलांशी कसं बोलावं, काय विचारावं याचे नमुने आणि प्रशिक्षण तयार केलं आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे कार्यकर्ते निरीक्षणगृहांत मदत कक्ष चालवतात. काम करणारी माणसं आहेत. नियमाप्रमाणे होणारी तपासणी मात्र फार वेळा जखमा, वय आणि साथीचे रोग इथे संपते, आणि मनाचा रकाना समुपदेशक येईल तेव्हा भरायचा म्हणून कोरा राहतो. आत्महत्येचा धोका तेवढा वेळ थांबत नाही.

मेझी जशीच्या तशी इथे आणावी असं मी म्हणत नाही. मालेगावच्या किंवा नागपूरच्या मुलाला नशेबद्दल विचारायचं तर बटन, कुत्ता गोळी, व्हाइटनर, सोल्यूशन या नावांनी विचारावं लागेल. आपल्याकडचा मुलगा उदास असला तर डोकं दुखतं, छातीत धडधडतं, जेवण जात नाही असं सांगतो, तेव्हा शारीरिक तक्रारींचे प्रश्न इथे जास्त बोलके ठरतील. सावधगिरीची रेषा कुठे ओढायची हे इथल्या शेकडो मुलांवर पारखूनच ठरवावं लागेल. मॅसॅच्युसेट्सचे आकडे उसने चालणार नाहीत. हे काम राज्यातली वैद्यकीय महाविद्यालयं आणि मानसशास्त्राचे विभाग मिळून दोन-तीन वर्षांत करू शकतात. त्याला इमारत लागत नाही, महागडं यंत्र लागत नाही.

त्याआधीही करता येण्यासारखं पुष्कळ आहे. दाखल झालेल्या प्रत्येक मुलाशी पहिल्या चोवीस तासांत, ठरलेल्या प्रश्नांनुसार, प्रशिक्षण घेतलेल्या माणसाने बोलायचं. उत्तरांचा कागद पंधराव्या कलमाच्या फाइलीत जाणार नाही असा लेखी नियम करायचा. जिल्हा रुग्णालयातल्या ज्या डॉक्टरांना फोन करायचा त्यांचं नाव आणि नंबर काळजीवाहकाच्या टेबलावर असायला हवा. जिवाला धोका आहे असं वाटलं तर मुलाला एकट्याला कोंडायचं नाही, त्याच्याजवळ माणूस बसवायचा.

बाल न्याय मंडळावर दंडाधिकाऱ्यांबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, आणि निरीक्षणगृहांची पाहणी करण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात समिती नेमण्याची तरतूद कायद्यातच आहे. या लेखाच्या वाचकांपैकी कुणी त्या जागेवर असेल, किंवा अशा कुणाला ओळखत असेल, तर त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या पाहणीत स्वयंपाकघर, संडास आणि हजेरीपट पाहून झाला की अधीक्षकांना एवढं जरूर विचारा: काल दाखल झालेल्या मुलाला आत्महत्येबद्दल कुणी विचारलं, केव्हा विचारलं, आणि त्याचं उत्तर कुणी वाचलं? या तिन्हींची उत्तरं नोंदवहीत तारीख-वेळेसह दाखवा म्हणून आग्रह धरा, आणि ती सापडली नाहीत तर तसं अहवालात लिहा.